माझं उदाहरण मुलांना देऊ नका

गेल्या आठवड्यात एका संस्थेचे दोन कार्यकर्ते घरी आले होते. दहावी-बारावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शन शिबिर आहे म्हणाले. बाहेरून एक वक्ते येणार आहेत, आणि त्यांच्यानंतर दहा मिनिटं मी बोलायचं. विषय त्यांनीच ठरवून आणला होता, पत्रिकेवर छापूनही झाला होता : 'नोकरी सोडली, नशीब घडवलं'. खाली माझा फोटो. फोटो शाळेच्या स्नेहसंमेलनातला, म्हणजे नोकरीत असतानाचा.

मी चहा दिला, पत्रिका वाचली आणि येणार नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. "मॅडम, कौम के बच्चों को हिम्मत मिलेगी," असं त्यातला मोठा म्हणाला. हिंमत कशाची, ते समजून घ्यावं म्हणून त्या वक्त्यांचं एक जुनं भाषण मी मोबाइलवर ऐकलं. पाऊण तासाचं. नोकरी म्हणजे गुलामी. महिन्याचा पगार म्हणजे स्वप्नं विसरण्यासाठी दिलेली लाच. रिज्कचे दहापैकी नऊ हिस्से तिजारतीत आहेत, मग तुम्ही उरलेल्या एका हिश्शाच्या मागे का लागता? टाळ्या. मग परदेशातल्या दोन-तीन कंपन्यांच्या मालकांची नावं, ज्यांनी कॉलेज अर्ध्यात सोडलं होतं. पुन्हा टाळ्या.

रिज्कच्या नऊ हिश्शांची ती रिवायत हदीसचे अभ्यासक जईफ, म्हणजे कमजोर सनदीची मानतात, हे वक्त्यांनी सांगितलं नाही. पण माझं भांडण हदीसवरून नाही. ते काम आलिम लोकांचं. माझं भांडण हिशेबावरून आहे.

मी नोकरी सोडली हे खरं आहे. जून २००६ मध्ये एका अनुदानित उर्दू माध्यमाच्या हायस्कूलात शिक्षण सेवक म्हणून लागले. तीन वर्षं मानधन, मग कायम. मराठी हा माझा मुख्य विषय, आणि कमी पडेल तिथं उर्दू. एकोणीस वर्षं झाली आणि मे २०२५ अखेर मी बाहेर पडले. आता घरी बसून भाषांतराची कामं करते : उर्दूतून मराठी, मराठीतून उर्दू. जुने निकाहनामे, वारसाचे कागद, दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या मिळकतीचे दस्त, कधी पाठ्यपुस्तकाचं एखादं प्रकरण, कधी गझल आवडणाऱ्या मराठी माणसांना ऑनलाइन उर्दू लिपी शिकवणं. याला हल्ली फ्रीलान्स म्हणतात. माझ्या सासूबाई 'सुट्टं काम' म्हणतात आणि तो शब्द मला जास्त बरोबर वाटतो.

आता सुट्ट्या कामाचा हिशेब, रुपयांत. जूनमध्ये बिल केलं ३,२००. जुलैत ९,५००, ऑगस्टमध्ये १७,०००, सप्टेंबरमध्ये १४,५००, ऑक्टोबरमध्ये ३१,०००, नोव्हेंबरमध्ये ५८,००० आणि डिसेंबरमध्ये १२,८००. सात महिन्यांचे १,४६,००० झाले. त्यातले हातात आले १,०३,०००. बाकीचे "देतो की मॅडम, पळून जातोय होय?" या खात्यावर जमा आहेत. नोकरीत माझ्या हातात महिन्याला ६४,००० पडत होते. सात महिन्यांचे ४,४८,००० होतात. मे महिन्याची सुट्टी धरून, आजारपणाची रजा धरून, आणि मी वर्गात चांगलं शिकवलं की वाईट, ते न विचारता.

नोव्हेंबरचा आकडा बघून कुणी खूश होऊ नये. वक्फच्या नव्या कायद्यानंतर ६ जून २०२५ ला केंद्र सरकारचं 'उमीद' पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांत सगळ्या नोंदलेल्या वक्फ मिळकतींचे तपशील त्यावर भरायचे होते. मुदत संपत आली तसे लोक ट्रंकेतले कागद घेऊन धावत सुटले. मोडीतलं एक, फारसी शेऱ्याचं दुसरं, उर्दूतलं तिसरं. माझ्याकडे उर्दूतलं यायचं. रात्री दोनपर्यंत बसून मी ते केलं. म्हणजे माझी कमाई झाली ती कौम अडचणीत आली म्हणून. असा महिना दरवर्षी येवो अशी दुआ मी करू शकत नाही.

मग हे मला परवडतं कसं? हेच त्या पत्रिकेवर छापायला हवं होतं. माझे पती सरकारी नोकरीत कायम आहेत. घर सासऱ्यांच्या वेळचं, भाडं नाही, हप्ता नाही. मुलगी एकच, तिची फी पतींच्या पगारातून जाते. एकोणीस वर्षांची माझी शिल्लक बँकेत आहे. एका कायम नोकरीच्या पाठीला पाठ लावून मी दुसरी कायम नोकरी सोडली. यात हिंमत कसली? आणि ज्या मुलांसमोर मला उभं करणार होते त्यांच्यातल्या किती जणांच्या घरात एक तरी कायम पगार आहे? मला शाळेतला अनुभव आहे. प्रवेश अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात मी वर्षानुवर्षं जे वाचलं ते असं : सेंट्रिंग, गॅरेज, फळगाडा, रंगकाम, हमाली, ड्रायव्हर, भंगार, चिकनचं दुकान, शिलाई. अधूनमधून एखादा 'एस.टी.' किंवा 'नगरपालिका'.

ही मुलं नोकरीच्या गुलामीत अडकलेली नाहीत हो. त्यांच्या सात पिढ्या फ्रीलान्सरच आहेत. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मणेर, शिकलगार, मुजावर ही आमची आडनावं वाचा. धंद्यांचीच यादी आहे ती. यातल्या कुणाला प्रॉव्हिडंट फंड नव्हता. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला, म्हणजे मी नोकरीला लागले त्याच वर्षी. त्यात हे आकड्यांत लिहिलंय : काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात, हिंदूंमध्ये हेच प्रमाण सुमारे ५५ टक्के. स्त्रियांचं बघितलं तर फरक आणखी वाढतो, ७३ आणि ६०. समितीनं हे कौतुक म्हणून लिहिलं नव्हतं. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत ही माणसं दिसत नाहीत, म्हणून ती सुट्ट्या कामांत सापडतात, असा त्याचा अर्थ होता. वीस वर्षांत आपण मजल कुठवर मारली? त्याच वंचनेला आता आपण स्टेजवरून उद्योजकता म्हणून हार घालतोय.

माझे अब्बा शिलाईचे कारागीर होते. लक्ष्मीपुरीतल्या कापडाच्या एका पेढीचं काम घरी आणायचे, नगावर. ईद आणि दिवाळी एकापाठोपाठ आल्या त्या वर्षी आम्ही त्यांना सरळ झोपलेलं बघितलंच नाही, मशीनवर डोकं टेकून डुलकी घ्यायचे. आणि पावसाळ्यात मशीनवर चादर. त्या चादरीचा रंग मला अजून आठवतो, कारण ती चादर पडली की अम्मी डाळीत पाणी वाढवायची. अब्बांना कुणी फ्रीलान्सर म्हटलं नाही. वेळेचे ते मालक होते, साहेब नव्हता, वरिष्ठ नव्हता, हजेरी नव्हती. त्या वक्त्यांच्या व्याख्येप्रमाणे ते करवीर नगरीतले सर्वांत स्वतंत्र गृहस्थ असणार.

माझी ऑर्डर आली त्या दिवशी अब्बांनी ती हातात घेतली. त्यांना मराठी वाचता यायचं, हळू. पूर्ण वाचून काढली, खालच्या प्रतिलिपीसुद्धा. मग सायकल काढून गेले आणि तासाभरानं ऑर्डरची झेरॉक्स लॅमिनेट करून घेऊन आले. म्हणाले, "असली कागज खराब हो जाता बेटा." २०१७ मध्ये ते गेले. राजीनाम्यासाठी कागद शोधताना ते लॅमिनेशन माझ्या हाती लागलं. कडेनं पिवळं पडलंय, पण आतली अक्षरं स्वच्छ. ते हातात घेऊन मी किती वेळ बसले ते सांगत नाही.

इथं कुणी म्हणेल, मग सोडलीस कशाला? विचारण्याचा हक्क आहे. तेही सांगते, पण ते कुणाला प्रेरणा वाटेल असं नाही. मी थकले होते. शिकवण्यानं नाही. शिकवण्याच्या तासाला वर्गाबाहेर काढल्यामुळे. कधी ही माहिती ऑनलाइन भरा, कधी ती. मतदारयादी, सर्वेक्षण, पोषण आहाराचा तांदूळ, आधार जुळत नसलेल्या मुलींची नावं. शाळेत मी मराठी विषयाची शिक्षिका कमी आणि कारकून जास्त झाले होते. शिवाय नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे म्हातारपणाची जी एक खात्री होती तीही आमच्या पिढीपुरती काढून घेतलेली. मार्च २०२३ च्या संपात मीही होते. सात दिवस घोषणा दिल्या. आणि भाषांतराची आवड पहिल्यापासून होती. आवड, कंटाळा आणि पाठीशी नवऱ्याचा पगार. या तीन गोष्टी जुळल्या म्हणून मी गेले. चौथं काही नाही.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा निकाल आला. सेवा पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ती परीक्षा पास व्हायची. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. तेव्हा माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणींनी फोन करून म्हटलं, तू बरी वेळेवर सुटलीस, तुला आधीच कळलं होतं की काय! मला काहीच कळलं नव्हतं. एकोणीस-वीस वर्षं शिकवलेल्या बाईला पात्रतेची परीक्षा द्यायला लावणं मला योग्य वाटत नाही, पण म्हणून ती नोकरी गुलामी ठरत नाही. घराचं छप्पर गळायला लागलं तर छप्पर दुरुस्त करायचं. उघड्यावर झोपण्याचे फायदे सांगणाऱ्याला व्याख्यानाला बोलवायचं नसतं.

आणि दुरुस्त करता येतं. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी पदं बाहेरच्या एजन्सींकडून कंत्राटी भरण्याचा निर्णय काढला होता. राज्यभर मुलं रस्त्यावर आली, आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या मुलांना 'नोकरी मागू नका, नोकरी देणारे बना' असं कुणी पढवलं असतं तर तो जीआर आजही चालू असता. कायम नोकऱ्या कमी करणाऱ्याला अशी भाषणं फार सोयीची असतात, त्याला आपल्याकडून काहीच मागितलं जात नाही. आमच्याबाबतीत तर विचारूच नका. जुलै २०१४ च्या अध्यादेशात मुस्लिमांना पाच टक्के होतं. नोव्हेंबरात हायकोर्टानं नोकऱ्यांतलं थांबवलं, शिक्षणातलं राहू दिलं. पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा कुणी केलाच नाही. त्यावर आता शिबिरात कुणी बोलत नाही. बोलायचं तर चिडावं लागतं, आणि प्रेरणादायी भाषणात चिडायचं नसतं.

परदेशातल्या मालकांची नावं घेण्याआधी त्या वक्त्यांनी कोल्हापुरात उतरून भाऊसिंगजी रोडवर एक फेरी मारली असती तर बरं झालं असतं. या रस्त्यावर गंगाराम कांबळेंचं हॉटेल होतं. कोल्हापूरकरांना ही गोष्ट पाठ आहे, पण तिचा अर्धाच भाग आपण सांगतो. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते, अस्पृश्य म्हणून गणलेल्या जातीचे. वरच्या जातीच्या नोकरांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. शाहू महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. गंगारामनी चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. स्वच्छ हॉटेल, चांगला चहा. गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार?

म्हणजे बघा. नोकरी सोडली, हिंमत केली, माल चांगला, जागा मोक्याची. भाषणातल्या सगळ्या अटी पूर्ण. आणि हॉटेल रिकामं. ते चाललं कशानं? महाराजांनी पैशाची मदत केली होतीच, पण ते स्वतः गाडी थांबवून तिथं चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर 'नाही' कोण म्हणणार? पुढे सोड्याचं मशीनही त्यांना मिळवून दिलं. मोकळं हो म्हणणाऱ्यानं भांडवल दिलं आणि गिऱ्हाईकही आणलं, स्वतः पहिलं गिऱ्हाईक झाला. आमच्या स्टेजवरचे लोक फक्त मोकळं हो म्हणतात, आणि चहा प्यायला दुसरीकडे जातात.

तोच राजा, २६ जुलै १९०२ चा त्याचा हुकूम. संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी. आणि १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढून त्याचं अध्यक्षपद स्वतःकडे घेणं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आपण रोज बघतो. शाहू महाराजांना धंद्याचं मोल कळत नव्हतं असं कोण म्हणेल? शाहूपुरीची व्यापारपेठ त्यांनीच वसवली. तरी दुबळ्याला आधी नोकरी आणि वसतिगृह, हा क्रम त्यांनी का लावला असेल, यावर एखादं शिबिर घ्या. मी येते बोलायला, मानधन नको.

आणखी एक कोल्हापूरकर, आमचेच. साहेबमामा फत्तेलाल. शेख फत्तेलाल कागलचे, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कामाला. १९२९ च्या १ जूनला त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. नोकरी सोडून स्वतःचं काही काढल्याचा याहून मोठा मुस्लिम दाखला आपल्या जिल्ह्यात मला माहीत नाही. पण 'काढली' हे एकवचन चुकीचं आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर असे चार कसबी लोक एकदम बाहेर पडले आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी भांडवल घेऊन आले. चौघांच्या अंगात कंपनीत घालवलेल्या वर्षांचं काम मुरलेलं होतं. सात वर्षांनी दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' केला, तो व्हेनिसला गाजला. एका मुसलमानानं आणि एका हिंदूनं मिळून तुकोबांवर केलेला सिनेमा, यावर मला आणखी लिहायचं आहे, पण तो वेगळा लेख. इथं एवढंच की साहेबमामा एकटे निघाले नव्हते.

आणि अल्लादिया खाँसाहेब. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि शिकवण्यांवर आणि मैफलींवर राहिले. केसरबाई, मोगूबाई त्यांच्याकडे शिकल्या. पण त्याआधी १८९५ पासून सत्तावीस वर्षं ते कोल्हापूर दरबारच्या पगारावर होते. रियाज, पोरांचं शिक्षण, घराणं, सगळं त्या पगारावर उभं राहिलं. मुंबईला जाताना त्यांच्या अंगावर कला होतीच, पाठीशी सत्तावीस वर्षांची स्वस्थताही होती.

आता माझ्या जिवाला लागलेली गोष्ट. माझी जागा भरलेली नाही. संचमान्यता, परवानगी, जाहिरात या चक्रात ती फिरतेय. सध्या तासिका तत्त्वावर एक मुलगी येते, हुशार आहे, पण तिचं स्वतःचं शिक्षण उर्दू माध्यमातलं आणि मराठी कच्चं. तिला मिळणाऱ्या पैशात ती आणखी दोन ठिकाणी जाते. तीही फ्रीलान्सरच. ऑगस्टमध्ये नववीतल्या एका मुलीनं मला व्हॉट्सॲपवर निबंधाचा फोटो पाठवला. "टीचर, ये सही है क्या?" निबंध 'मी पोलीस झाले तर'. ऱ्हस्व-दीर्घाचं सोडा, 'मी पोलीस झाला तर' लिहिलं होतं.

बाहेरच्या वाचकाला यात काय मोठं असं वाटेल. तलाठी भरती असो, पोलीस भरती असो, जिल्हा परिषद असो, महाराष्ट्रातल्या बहुतेक सरकारी परीक्षांच्या दारावर मराठी उभी आहे. आणि असावी, तक्रार नाही. उर्दू माध्यमातल्या मुलीला त्या दारातून आत जायचं तर शाळेत तिला पाच वर्षं चांगलं मराठी शिकवणारी बाई पाहिजे. ती बाई मी होते. माझ्या हाताखालून गेलेल्या चार मुली आज सरकारी नोकरीत आहेत, एक तर माझ्याच गल्लीत पोस्टात. म्हणजे मी सोडली ती फक्त माझी नोकरी नव्हती. त्या जागेतून पुढच्या नोकऱ्यांकडे जाणारी एक वाट होती, तीही मी अडवून गेले. हे मला राजीनामा देताना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी दिला. मी स्वतंत्र झाले त्याची किंमत मी एकटी देत नाही. नववीतल्या अठ्ठावीस मुली माझ्याबरोबर देतायत. असं असताना त्यांच्याच शाळेतल्या मुलांसमोर फोटो लावून उभी राहू?

ज्यांना सुट्टं काम करावंच लागतं त्यांच्यासाठी मात्र शिबिर घ्या. तिथं शिकवण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते कुणी शिकवत नाही. काम घेण्याआधी दर कागदावर लिहून घ्यावा. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करावी. फीमधून टीडीएस कापला तर तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, नाहीतर सरकारकडेच राहतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. (व्याज मला नकोच आहे, आमच्यात ते हराम. मुद्दल द्या म्हणजे झालं.) आणि नोकरी सोडणाऱ्या शिक्षकानं हेही वाचावं की खासगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यात राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख घालून करायला सांगितलाय, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला आणि एक स्वतःकडे. कायद्यानं इतकी काळजी घेतली, कारण नोकरी जाणं ही साधी गोष्ट नाही हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांनाच ते ठाऊक नाही.

आणि शिबिराच्या संयोजकांसाठी एक वेगळा वर्ग ठेवा. त्याचा विषय मी सुचवते : सवाब. सुट्ट्या कामाला लागल्यापासून मला सवाबची जेवढी कामं आली तेवढी एकोणीस वर्षांत आली नव्हती. नोकरीत होते तेव्हा माझ्या वेळेला किंमत होती, कारण ती सरकार देत होतं. आता वेळ माझा झाला, तर तो सगळ्यांचा झाला. "मॅडम, दीन का काम है, दो पन्ने तो हैं." दोन पानं म्हणजे शिकस्ता लिपीतली, वाळवीनं खाल्लेली, एका पानाला माझा अख्खा दिवस जातो. विद्युत रोषणाई करणारा सवाबात करत नाही, मंडपवाला करत नाही, बिर्याणीवाला तर ॲडव्हान्स घेतो. मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी द्या, ही हदीस याच मंडपाच्या कमानीवर रंगवलेली असते. भाषांतर करणाऱ्या बाईला घाम येत नाही असा काहीतरी समज दिसतो. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज चहा प्यायला गेले, ते चहा फुकट मिळतो म्हणून नव्हे.

पहिल्या महिन्यात मला संकोच वाटायचा. शिक्षिका म्हणून वाढलेल्या बाईला पैसे मागता येत नाहीत, पगार न मागता यायचा. तीन कामं मी तशीच करून दिली. मग एक दिवस अब्बांची वही आठवली. बारकी, लाल पुठ्ठ्याची. किती नग, कुठल्या तारखेला, किती आले, किती राहिले. ते गेले तेव्हा त्या वहीत त्या पेढीकडे येणं निघत होतं, आणि ते कुणीही आणून दिलं नाही. मीही आता वही घातली आहे.

त्या वहीत पान सातवर ज्या संस्थेचं नाव आहे ती हे शिबिर घेणारीच संस्था. ऑक्टोबरमध्ये सतरा पानांचा दस्त, ८,५०० रुपये. कार्यकर्ते चहा पिऊन उठले तेव्हा मी वही काढून ते पान दाखवलं. धाकटा मोठ्याकडे बघायला लागला. मोठा म्हणाला, खजिनदारांना सांगतो. पत्रिकेवरचा माझा फोटो काढायला लावा, असंही मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मॅडम, पाचशे प्रती छापून झाल्यात, प्रिंटरचे पैसेही दिलेत.